राजीनामा दिला, पण नोकरी सोडली नव्हती

उद्यमबागजवळ माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. अर्ज, बाँड, बायोडेटा, भाडेकरार, उताऱ्याच्या प्रती, जे येईल ते करतो, मराठी कन्नड हिंदी तिन्ही टाइप करतो, आणि बेळगावात राहून एवढं केलं नाही तर दुकान चालतच नाही. २०२५ च्या दिवाळीच्या आधी माझ्याच कॉम्प्युटरवर टाइप झालेल्या दोन कागदांमुळं दोन माणसांची नोकरी जायची वेळ आली होती, आणि ते सगळं एका शब्दावरून. हे प्रकरण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतोय कारण असं रोज कुठंतरी होत असणार, फक्त ते कुणाच्या लक्षात येत नसणार.

माणसं कोण ते आधी सांगतो, नावं घेत नाही. एक पोरगा खानापूर तालुक्यातला, इथल्या एका मशीन शॉपमध्ये ऑपरेटर, घरी मराठी, कामावर कन्नड, हिंदी सिनेमातली. त्याची नोकरी चार वर्षं पाच महिने झालेली, म्हणजे ग्रॅच्युइटीला लागतात ती पाच वर्षं पुरी व्हायला सात महिने कमी. दुसरा त्याच कंपनीच्या गेटवरचा नेपाळी वॉचमन, एजन्सीमार्फत लागलेला, पश्चिम नेपाळातल्या अछामचा. त्याला सगळे बहादूर म्हणतात, त्याचं नाव वेगळंच आहे, पण ते विचारायचं कुणी मनावर घेतलेलं नाही, मीसुद्धा हे प्रकरण होईपर्यंत घेतलं नव्हतं. तिसरे सुपरवायझर, ग्वाल्हेरकडचे, वर्ष झालं असेल येऊन, मराठी कन्नड दोन्ही येत नाही पण माणूस चांगला. आणि चौथ्या एचआरमधल्या मॅडम, बैलहोंगलच्या, कन्नड.

भांडण झालं गुरुवारी, सेकंड शिफ्टच्या वेळी गेटवर. आत मोबाईल न्यायचा नाही म्हणून बॅग बघतात. वॉचमन म्हणाला, बॅग खाली करो. पोरग्यानं बॅग खाली ठेवली. पाऊस होऊन गेलेला, गेटजवळ चिखल, तरी ठेवली. वॉचमनला वाटलं हा मुद्दाम करतोय, तो परत ओरडला, अरे खाली करो ना! पोरगा म्हणाला, ठेवली की खाली, आणि किती खाली करू? मग वॉचमननं बॅग उचलली आणि उलटी केली, डबा उघडला, भाकरी आणि वांग्याची भाजी चिखलात. त्याची आई पहाटे चारला उठून करते तो डबा. त्यानं वॉचमनला ढकललं, वॉचमनचं कोपर गेटच्या लोखंडाला घासलं, शर्टाची बाही फाटली. आता कुणी म्हणेल की हिंदी सिनेमे बघणाऱ्याला खालीचा अर्थ कळत नाही का, तर कळतो की, निवांत असताना कळतो. पण उशीर झालाय, पंचिंगला दोन मिनिटं राहिलीत आणि मागं दहा माणसं उभी आहेत, तेव्हा कानाला आपलीच भाषा ऐकू येते. हिंदीत आणि नेपाळीत खाली म्हणजे रिकामं, आपल्याकडं खाली म्हणजे जमिनीकडं. त्यातून हे झालं, पण हे खालीचं प्रकरण छोटं, मोठं पुढंच आहे.

शुक्रवारी सुपरवायझरनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी काय सांगितलं ते मला नंतर दोघांच्या तोंडून आणि मग स्वतः त्यांच्या तोंडूनही ऐकायला मिळालं, तिघांनी सांगितलेलं वाक्य जवळजवळ सारखंच होतं: आपस में राजीनामा कर लो और लिख के दे दो, कल तक मेरी टेबल पर चाहिए, नहीं तो बात ऊपर जाएगी.

संध्याकाळी दोघं माझ्या दुकानात आले. एकत्र आले पण काउंटरच्या दोन टोकांना उभे राहिले, एकमेकांकडं बघत नव्हते. पोरगा म्हणाला, काका, राजीनामा टाइप करून द्या, दोघांचे दोन. मी म्हटलं काय झालं रे, तर म्हणाला काय सांगू ओ, भांडण झालं, राजीनामा द्या म्हणालेत, उद्याच पाहिजे म्हणे. मी वॉचमनकडं बघितलं, तुम्हारा भी? तो म्हणाला, हाँ साब, राजीनामा. डोळे भरलेले होते त्याचे. दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्यालासुद्धा गावी गेला नव्हता, रजा पुढं घेईन म्हणून. मला वाईट वाटलं, पण भांडणावरून नोकरीवरून काढतात हे काय नवीन नाही, आणि काढून टाकल्याचा शिक्का नको म्हणून राजीनामा लिहून घेतात हेही इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी काहीच विचारलं नाही. माझी चूक ती इथं झाली आणि ती मला मान्य आहे.

ऑफिसात कन्नड लागतं म्हणून वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत असं लिहिलं, वॉचमनचं वर कन्नड, खाली हिंदी. मराठीतलं वाक्य असं होतं: मी माझ्या राजीखुशीने दिनांक १ नोव्हेंबरपासून माझ्या कामाचा राजीनामा देत आहे, तरी तो मंजूर करावा. पगार महिन्याचा पुरा मिळावा म्हणून १ तारीख घातली, बोनसचाही विचार होता, आणि हीच तारीख पुढं उपयोगी पडली. वॉचमनच्या हिंदी मजकुरातही मी राजीनामा हाच शब्द घातला, इस्तीफा घातला नाही, कारण त्याच्या तोंडून राजीनामाच आला होता आणि माझ्याही डोक्यात तोच होता. राजी शब्द माझ्या त्या एका ओळीत दोनदा आहे, राजीखुशीत एकदा आणि राजीनाम्यात एकदा, दोन्ही शेजारीशेजारी टाइप करताना मला दिसले नाहीत.

शनिवारी सकाळी दोघांनी कागद दिले. सुपरवायझरना कन्नड आणि मराठी वाचता येत नाही, मराठीची लिपी कळते पण कोण वाचत बसतं, त्यांनी वॉचमनच्या कागदावरचा हिंदी भाग वरवर बघितला, राजीनामा शब्द दिसला, दोघांच्या सह्या दिसल्या, खूश झाले. बहुत अच्छा किया, म्हणाले, दोघांचे हात हातात दिले आणि कँटीनमधून चहा मागवला. पोरगा मला नंतर म्हणाला, काका, तो चहा घशाखाली उतरत नव्हता, नोकरी घालवून वर चहा पाजालाय हा माणूस, आणि हसालाय.

कागद गेले एचआरला. मॅडमनी कन्नड भाग वाचला, त्यात स्पष्ट राजीनामे. कन्नडमध्ये एकवचनातच राजीनामे म्हणतात, आपल्याला ते अनेकवचन वाटतं, पण अर्थ अगदी आपलाच, नोकरी सोडणं. सोमवारी मॅडमनी युनिफॉर्म, आयकार्ड जमा करायचा फॉर्म काढला, एजन्सीला फोन करून दुसरा वॉचमन मागितला, आणि पोरग्याच्या जागी कोण म्हणून सुपरवायझरना विचारायला गेल्या. तिथं फुटलं. सुपरवायझर म्हणाले, इस्तीफा किसने दिया? मॅडम म्हणाल्या, राजीनामे कोट्टारल्री, म्हणजे दिलाय की हो. ते म्हणाले, हाँ हाँ, राजीनामा तो दिया है, मैंने ही तो लिखवाया, पर इस्तीफा थोड़े ही दिया है!

केबिनमध्ये म्हणे मिनिटभर कुणी बोललंच नाही.

हिंदी पट्ट्यात, म्हणजे मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा वगैरे, राजीनामा म्हणजे भांडणातल्या दोन बाजूंनी आपसात मिटवून घेणं आणि तसं लिहून देणं. तिकडच्या कोर्टात हा रोजचा शब्द आहे, छोट्या मारामारीच्या केसमध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली की राजीनामा हो गया म्हणतात, पेपरातही तसंच छापून येतं. नोकरी सोडण्याला तिकडं इस्तीफा किंवा त्यागपत्र. म्हणजे सुपरवायझरनी सांगितलेलं होतं की आपसात मिटवा, मिटवल्याचं लिहून द्या म्हणजे मला वर पाठवायला नको. त्या माणसानं दोघांची नोकरी वाचवायला जे सांगितलं त्यानंच नोकरी जायला निघाली होती.

सोमवारी दुपारी पोरगा धापा टाकत दुकानात आला तेव्हा मी त्याला तेच विचारलं जे शुक्रवारी विचारायला पाहिजे होतं, की त्यांनी नेमकं काय म्हटलं, शब्द न् शब्द सांग. तो म्हणाला, आपस में राजीनामा कर लो. आणि ते ऐकल्याबरोबर मला कळलं की उत्तर शब्दात नव्हतंच, क्रियापदात होतं. आपण राजीनामा देतो, घेतो, मागतो, स्वीकारतो, परत घेतो, तोंडावर फेकतोसुद्धा, पण राजीनामा आपसात करत नाही. नोकरी एकटा माणूस सोडतो. आपसात करायला दोघं लागतात. आपस में आणि कर लो हे दोन तुकडे त्या वाक्यात लख्ख होते, पण दोघांनी ते माझ्यापर्यंत आणलेच नाहीत, त्यांच्या कानात राजीनामा हा एक शब्द पडला आणि बाकीचं वाक्य गळून गेलं, कारण शब्द ओळखीचा होता. शब्द अनोळखी असता तर विचारलं असतं की काय म्हणताय.

आणि इथं वॉचमनचा भाग फार महत्त्वाचा आहे. मला आधी वाटलं होतं की तो नेपाळी, त्याची हिंदी आपल्यापेक्षा बरी, त्याला तरी कळायला पाहिजे होतं. पण नेपाळीत राजीनामा म्हणजे नोकरी, पद सोडणं, अगदी आपल्यासारखं. त्यानं मला मोबाईल दाखवला. ९ सप्टेंबर २०२५ ला नेपाळचे पंतप्रधान ओली पायउतार झाले, त्या दिवशीची नेपाळी बातमी त्यानं ठेवलेली, त्यात राजीनामा. तीच बातमी आपल्या मराठी पेपरात ओलींचा राजीनामा, कन्नडमध्ये राजीनामे, आणि हिंदी चॅनेलवर ओली का इस्तीफा. एकच माणूस, एकच बातमी, चार भाषा, तीन एका बाजूला आणि हिंदी एकटी दुसऱ्या बाजूला. वर नेपाळीत राजीनामा दिनु म्हणतात तसं राजीनामा गर्नुही चालतं, म्हणजे आपल्या पोरग्याला निदान कर लो हे खटकायची शक्यता तरी होती, त्याला तीही नव्हती.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी टाइपिंग बाजूला ठेवलं. तो म्हणाला, आमच्याकडं जमीन विकतात तेव्हाही राजीनामाच करतात, मालपोत कार्यालयात, म्हणजे त्यांचं जमिनीचं ऑफिस, तिथं राजीनामा पास होतो. त्याच्या वडिलांनी एक खेत तसं दिलं होतं, तो लहान असताना, आई दिवसभर बोलली नव्हती. हिंदीत तो म्हणाला, साब, हमारे यहाँ राजीनामा मतलब जो अपना था वो अब अपना नहीं. मिटवून घेण्याला त्यांच्यात मिलापत्र म्हणतात. सुपरवायझर जर मिलापत्र म्हणाले असते तर तो नाचत गेला असता.

जमिनीचं ऐकल्यावर मला आमच्या ट्रंकेतला कागद आठवला. आजोबांच्या वेळचा, मोडीत काही ओळी आणि बाळबोधीत काही, त्यात राजीनामा आणि कबुलायत हे दोन शब्द आहेत. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात आणि नंतरच्या मुंबई राज्यात होता, आणि मुंबई इलाख्याच्या महसुलात, १८७९ च्या लँड रेव्हेन्यू कोडच्या काळात, खातेदार जमिनीवरचा हक्क सोडतो तेव्हा राजीनामा द्यायचा आणि जो नवीन घेतो तो कबुलायत द्यायचा. म्हणजे एक सोडतो, दुसरा कबूल करतो. कर्नाटकाचा स्वतःचा जमीन महसूल कायदा १९६४ चा, त्याच्या आधीचे इथले जुने कागद बघाल तर हे जोडीनं सापडतात. लहानपणी मला वाटायचं आजोबा कुठंतरी नोकरीला होते आणि त्यांनी राजीनामा दिला. ते कधीच नोकरीला नव्हते, त्यांनी अडीच एकर सोडली होती. आमच्या अडीच एकरांचा आणि अछामच्या त्या खेताचा कागद एकाच नावाचा.

मूळ बघायला गेलं तर कुणीच चुकीचं नाही. राजी अरबीतून आलेला, म्हणजे खूश, कबूल, तयार. नामा फारसी, म्हणजे लिहिलेला कागद, आपल्या पंचनामा, करारनामा, जाहीरनामा, वकीलपत्राच्या जुन्या वकालतनाम्यातला तोच. दोन्ही जोडून झाला कबुलीचा कागद. कशाची कबुली ते त्या शब्दात नाहीच, ते वापरणाऱ्यानं भरायचं. हिंदी कोर्टात समोरच्याशी जुळवून घ्यायला राजी असं भरलं गेलं, इकडं जमीन सोडायला राजी, पुढं पद सोडायला राजी असं भरलं गेलं. गुजरातीतही राजीनामुं म्हणजे पद सोडणंच, म्हणजे जुना सगळा मुंबई इलाखा या बाबतीत एक आहे, मराठी, गुजराती आणि इकडची कन्नड. आपल्या लोकांच्या मनात तर हा शब्द एकदम पक्का बसलाय, १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रीपद सोडलं तो राजीनामा इथली म्हातारी माणसं अजून काढतात, तो शब्द उच्चारताना आवाज जरा वर जातो. त्याच शब्दाचा अर्थ मिटवून घेणं असा कुणी सांगितला तर आपल्याला तो उलटाच वाटतो.

कन्नडची गंमत अशी की तिच्यात दोन्ही आहेत आणि दोन्ही वेगळे ठेवलेत. मिटवून घेणं म्हणजे नुसतं राजी, राजी माडकोरी म्हणतात, लोकअदालतीच्या बोर्डावरही राजी असतं. सोडणं म्हणजे राजीनामे. सुपरवायझर जर फक्त नामा गिळून राजी कर लो म्हणाले असते तर मॅडमना, पोरग्याला, मला, सगळ्यांना कळलं असतं. आपणही म्हणतोच की राजी झाला, राजी केलं.

मला या प्रकरणातलं सगळ्यात जास्त बोचतं ते हे. भाषा वेगळ्या म्हणून घोटाळा होतो असं आपण धरून चालतो, आणि म्हणून भाषा वेगळी दिसली की सावध राहतो. इथं मराठी पोरगा, नेपाळी वॉचमन, मी आणि कन्नड मॅडम, चौघांनी वेगवेगळ्या भाषांतून एकच अर्थ घेतला, आणि चौघांचं जुळलं म्हणूनच कुणाला शंका आली नाही. एकाचा जरी अर्थ वेगळा निघाला असता तर माझ्या काउंटरवरच वाद झाला असता आणि तिथंच मिटलं असतं. शिक्षा शब्दाचं असं होत नाही बघा. आपल्याकडं आणि कन्नडमध्ये शिक्षा, शिक्षे म्हणजे दंड, हिंदीत आणि नेपाळीत शिक्षण, तिथं दोन-दोन होतात आणि गल्लीतलं पोरगंसुद्धा हसून विचारतं की कुठली शिक्षा.

आता पुढं काय केलं ते. कोर्टाजवळ एक वकील आहेत ओळखीचे, त्यांना फोन लावला. त्यांनी आधी तारीख विचारली, म्हटलं १ नोव्हेंबर घातलीय, तर म्हणाले मग वेळ आहे, अजून मंजूर करून सही झालेली नाही ना, लगेच मागे घेतल्याचं लेखी द्या. त्यांनी १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा ती तारीख यायच्या आत मागे घेतला होता आणि कोर्टानं ते ग्राह्य धरलं होतं. आमचं प्रकरण एवढं मोठं नाही, पण तारीख पुढची असली की माणूस मागे फिरू शकतो एवढं त्यातून कळलं, आणि पोरग्याच्या तोंडावर पहिल्यांदा जरा तजेला आला.

दोन कागद केले. पहिला, शनिवारचे दोन्ही अर्ज मागे घेतो, ते आम्ही नोकरी सोडण्याच्या इच्छेनं दिले नव्हते, सूचनेचा अर्थ वेगळा समजल्यामुळं दिले होते. दुसरा दोघांचा मिळून एकच, त्यात राजीनामा हा शब्द कुठंच घातला नाही, तडजोड, समेट असंही नुसतं नाव घातलं नाही, सरळ वाक्य लिहिलं: गुरुवारी गेटवर बॅग तपासण्यावरून आमचं भांडण झालं, ते आम्ही दोघांनी मिटवलं आहे, आमची एकमेकांविरुद्ध तक्रार नाही, आम्ही दोघं कामावर राहणार आहोत. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत, आणि खाली वॉचमननं स्वतःच्या हातानं दोन ओळी नेपाळीत लिहिल्या, वर शीर्षक मिलापत्र. सह्या एकाच कागदावर, शेजारीशेजारी. पैसे घेतले नाहीत, ते देत होते.

मॅडमनी तो कागद घेतला, आधीचे दोन रद्द केले. सुपरवायझर स्वतः दुकानात आले, बिचारे फार हळहळले, म्हणाले मी तीस वर्षं हा शब्द वापरतोय, असं कधी झालं नाही. मी म्हटलं तुम्ही तीस वर्षं तिकडं होता. त्यांनी मला कागदावर लिहून मागितलं की इथं कुठल्या शब्दानं काय समजतात, मी सात-आठ लिहून दिले, खाली आणि शिक्षा त्यात होते, आणि यातायात, हिंदीत नेपाळीत वाहतूक आणि आपल्याकडं दगदग.

पोरगा कामावर आहे, दिवाळीचा बोनस मिळाला. वॉचमनचं मात्र पूर्ण जमलं नाही. सोमवारी सकाळीच एजन्सीनं त्या गेटवर दुसरा माणूस पाठवला होता आणि त्याला परत पाठवायला ते तयार नव्हते, याला त्यांनी मच्छेकडच्या एका साइटवर टाकलं, पगार तोच पण नाइट ड्युटी आणि रोजची बस. त्यानं तक्रार केली नाही. मला अजून वाटतं की शुक्रवारी मी एक प्रश्न विचारला असता तर तो त्याच गेटवर असता.

डिसेंबरमध्ये तो एकदा आला होता, मुलीच्या शाळेचा कसला तरी फॉर्म घेऊन. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली. पोरगा योगायोगानं तिथंच होता, आधारची झेरॉक्स काढायला आलेला. त्यानं डब्याची पिशवी काउंटरवर ठेवली, डबा काढला, आणि वॉचमनपुढं उघडून धरला, भाकरी होती आणि ठेचा. ही खाली कर, म्हणाला, तुझ्या भाषेतलं.

आता कुणी राजीनामा टाइप करायला आलं की मी विचारतो, सांगणाऱ्यानं काय शब्द वापरले, देणार एकटा का दोघं, आणि उद्या कामावर जाणार का. परवा एक जण चिडला, एवढं काय विचारता ओ, टाइप करा की. मी म्हटलं बसा दोन मिनिटं.